पणजोबांचे पुढचे दात

धाकटा त्रेसष्ट वर्षांचा होता. केस गळून झाले होते, मुलगी संसाराला लागली होती, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते; पण घरात तो धाकटाच. थोरला हयात आहे तोवर धाकट्याला मोठं होता येत नाही, आणि थोरला चांगला ठणठणीत होता.

धाकट्याचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत. हा त्या मापात प्लास्टर ओतून जबडा काढी, गुलाबी मेणात एकेक दात बसवी, आणि चावा जुळतो की नाही ते पितळी बिजागरीवर उघडमीट करून बघी. चाळीस वर्षं हे काम त्याने एकाच अरुंद खोलीत केलं. खिडकीपासून दारापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर गावातल्या निम्म्या प्रतिष्ठित मंडळींचे जबडे ओळीने मांडलेले होते, मागे नंबर घातलेले. रस्त्यात कुणी भेटलं तर धाकट्याला नाव आठवायचं नाही. माणूस हसला की नंबर आठवायचा.

दादा, म्हणजे थोरला, हेडमास्तर होऊन निवृत्त झाला होता. त्याला चौदा वर्षं झाली, पण आवाज अजून मैदानावर रांगा लावणाऱ्याचाच. चारचौघांत धाकट्याची ओळख करून द्यायची वेळ आली की तो म्हणे, "हा आमचा धाकटा. लोकांच्या तोंडात हात घालतो." आता हे साफ खोटं होतं. धाकट्याने उभ्या जन्मात कुणाच्या तोंडात हात घातला नव्हता. ते काम डॉक्टरांचं. तीस वर्षांपूर्वी एकदा त्याने ही दुरुस्ती सुचवली, तेव्हा सगळे आणखीच हसले, म्हणून त्याने तो नाद सोडला. वर दादाच्या तोंडात बाहत्तराव्या वर्षी सगळेच्या सगळे दात स्वतःचे. सख्खा भाऊ कवळ्या करतो आणि याने एक दाढसुद्धा पडू दिली नाही, याला धाकटा मनातल्या मनात दुष्टपणा म्हणत असे.

आता पणजोबा. पणजोबा व्हायोलिनं करत. घराण्यात नाव घेण्यासारखा माणूस तो एकच; त्यांच्यानंतर दोन कारकून, एक विम्याचा एजंट, एक हेडमास्तर आणि शेवटी कवळीवाला. त्यांनी केलेलं एक व्हायोलिन दादाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत टांगलेलं होतं आणि पेटीची किल्ली दादाच्या खिशात असे. पणजोबांचा फोटो नव्हता, कागदपत्र नव्हतं. गोष्ट मात्र होती. ती अशी, की पणजोबांचा कान दैवी होता. एकदा म्हणे ते रस्त्याने चालले होते आणि वर कुणी विद्यार्थी व्हायोलिन घासत बसला होता. पणजोबा खालूनच ओरडले, "बाळ, तुझी तिसरी तार केसभर उतरलीय." आजोबा ही गोष्ट सांगत तेव्हा विद्यार्थी पहिल्या मजल्यावर होता. वडिलांच्या तोंडी तो दुसऱ्यावर गेला. दादाने गोष्ट लिहून काढली तेव्हा तिसरा मजला झाला, खिडक्या बंद झाल्या आणि रस्त्यावरून एक घोडागाडीही खडखडत जाऊ लागली.

अशात गावातल्या संगीतशाळेचं नवं सभागृह बांधून झालं. गावात वाद्यं करून गेलेल्या कारागिरांची माहिती त्याच्या भिंतीवर लावायचं ठरलं आणि पणजोबांच्या वाट्याला बारा ओळी आल्या. शाळेच्या चिटणिसांनी दादाला पत्र लिहिलं: मजकूर तुम्हीच द्यावा, सोबत काही पुरावा असल्यास उत्तम. मजकूर दादाकडे तयारच होता, तिसऱ्या मजल्यासकट. पुराव्याचं काम त्याने धाकट्याकडे लोटलं. "तू जा. तू रिकामाच असतोस."

धाकटा रिकामा नव्हता. त्या आठवड्यात त्याच्याकडे पाच वरचे आणि तीन खालचे जबडे पडून होते. तरी गेला. का गेला हे सांगायला त्याला लाज वाटली असती, पण आपण सांगून टाकू. त्रेसष्ट वर्षांत दादाने त्याला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. शाबास राहू दे, नुसतं "तुझं बरोबर आहे" एवढंसुद्धा नाही. पणजोबांबद्दल काहीतरी घसघशीत शोधून आणावं, दादासमोर ठेवावं आणि ते तीन शब्द एकदा त्याच्या तोंडून ऐकावेत, एवढीच धाकट्याची इच्छा होती. माणसं म्हातारपणी याहून अवघड हट्ट धरून बसतात.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागे होतं. आत सरसाचा वास, भिंतीवर माना नसलेली व्हायोलिनं आणि व्हायोलिनं नसलेल्या माना. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि कोणी आलं म्हणून हातातलं काम न थांबवणाऱ्या. पणजोबांचं नाव ऐकल्यावर त्यांनी कानस फिरवता फिरवताच मान हलवली.

"त्यांची तीन माझ्या हाताखालून गेलीत. चौथं ते तिथे उघडं पडलंय बघा. आतली चिठ्ठी त्यांचीच आहे. काम चोख. पण माणूस विक्षिप्त असणार. सरस वाळेपर्यंत लाकूड आवळून धरायचा शिकंजा भलत्याच जागी लावायचा."

व्हायोलिनची वरची फळी मऊ लाकडाची असते. ती आतून बाहेरून तासत पातळ करतात आणि मग सरसाने बाजूच्या पट्ट्यांवर बसवतात. त्या चिकटणाऱ्या कडेवर, जिथे एरवी कुणाची नजर जायचं काही कारण नाही, चार खुणा खोल रुतलेल्या होत्या. चारही व्हायोलिनांवर त्याच खुणा, त्याच जागी. बाईंनी सहा वर्षं यावर डोकं खाजवलं होतं. असा चार बोटांचा शिकंजा बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी खुणांचं माप घेऊन तंतोतंत तसा एक लोखंडी शिकंजा बनवून घेतला होता. तो कुठेच नीट बसत नसे. पण जुने लोक उगाच काही करत नसत, अशा श्रद्धेने त्या अधूनमधून तो लावून बघत.

धाकट्याने फळी उचलून खिडकीकडे नेली, जराशी तिरकी केली आणि अंगठा फिरवला.

"हा शिकंजा नाही," तो म्हणाला. "हे दात आहेत. वरचे, पुढचे. मधले दोन आणि त्यांच्या शेजारचे दोन. डावीकडचा मधला थोडा फिरलेला आहे. माणूस चाळिशीचा असेल. खालच्या दातांच्या खुणा बाहेरच्या अंगाला उमटल्या असतील, त्या शेवटचा हात मारताना तासल्या गेल्या."

बाईंची कानस थांबली. त्यांनी भिंतीवरच्या लोखंडी शिकंज्याकडे बघितलं, तो खुंटीवरून काढला आणि खणात टाकून दिला.

"पण फळी दातात कशाला धरायची?" त्या म्हणाल्या.

"दोन्ही हात गुंतले असतील."

"समोर टेबल असताना? छे. आम्ही फळी अशी बोटांत लोंबती धरतो, ठोकतो आणि कानाशी नेऊन ऐकतो. किती तासायची ते त्यावरून कळतं. कानाशी नेतो, दाताशी..." बाईंचं वाक्य तिथेच राहिलं. धाकट्याने फळीची कड स्वतःच्या दातांजवळ नेऊन बघितली.

घराण्याच्या इतिहासात असं होतं, की पणजोबा तरुणपणी बॉयलरच्या कारखान्यात सुतार होते आणि कलेच्या ओढीने त्यांनी ती नोकरी सोडली. कारखाना अजून चालू होता. जुनी हजेरीपत्रकं गोदामाच्या माळ्यावर आहेत असं कळल्यावर धाकट्याने तिथे तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला किल्ली नव्हती. तिसऱ्या खेपेला त्याने माळ्यावर बसून धूळ खाल्ली आणि चौथ्या तासाला पणजोबांचं नाव सापडलं. पुढे शेऱ्याच्या रकान्यात कुणा मुकादमाने लिहिलं होतं: "ऐकू येत नाही. भोंगा झालेला कळत नाही. कामावरून कमी." सुतारांची शेड रिव्हेट ठोकणाऱ्यांच्या शेडला लागून होती. तिथे पंधरा वर्षं काढल्यावर कुणाचा कान शाबूत राहायचा? आणि शेऱ्याची तारीख सगळ्यात जुन्या व्हायोलिनच्या चिठ्ठीवरच्या सालाआधी नऊ वर्षं. म्हणजे पणजोबांनी पहिलं व्हायोलिन केलं तेव्हाच ते ठार बहिरे होते. बहिऱ्या माणसाने व्हायोलिनच का करायला घ्यावं, ते कुठल्या कागदावर नव्हतं.

दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. धाकटा त्या शेऱ्याची शिक्का मारलेली नक्कल खिशात घालून रस्ताभर स्वतःशी हसत घरी आला. दैवी कान असलेल्याने व्हायोलिन केलं, यात कौतुक ते काय? काहीच ऐकू येत नसताना ज्याने लाकूड दातात धरून, हाडात काय वाजतं ते बघत बघत केलं, तो खरा कारागीर. घराण्यात आणखी एक माणूस चाव्यावरून काम करत होता, या विचाराने धाकट्याला भरून आलं. त्या दिवशी त्याने फळ्यांवरच्या जबड्यांची धूळसुद्धा पुसली.

आता फक्त दादाला सांगायचं होतं.

पण दादाला काही सांगणं अलीकडे फार जड झालं होतं. गेल्या काही वर्षांत त्याचा ताठा वाढत चालला होता. फोन तो घेत नसे. फोनवर उथळ माणसं बोलतात म्हणे. गाण्याच्या बैठकींना जाणं त्याने बंद केलं, कारण हल्ली कुणाला वाजवता येत नाही. स्वतः बोलायला लागला की मध्ये कुणाला जागा देत नसे, आणि दुसरा काही सांगू लागला की हात वर करून म्हणे, "जे काय असेल ते लेखी दे. तोंडी कारभार मला चालत नाही." घरच्यांनी हे सगळं हेडमास्तरकीच्या खात्यावर टाकलं होतं. वहिनी तर त्याच्या वतीने दार उघडत, फोन घेत आणि पाहुण्यांना उत्तरंही देत.

धाकट्याने ठरवलं, की लेखी देणार नाही. "मी काय याच्या शाळेत आहे?" असं तो बायकोला तीनदा म्हणाला. एक तर त्याचा हात मेणावर चालायचा, कागदावर नाही. आणि ते तीन शब्द काही अर्जाच्या उत्तरादाखल नको होते.

पहिल्या वेळी त्याने दादाच्या दिवाणखान्यात बसून सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं. दात सांगितले, कारखाना सांगितला, मुकादमाचा शेरासुद्धा पाठ म्हणून दाखवला. दादा वर्तमानपत्र वाचत होता. धाकट्याचं सांगून झाल्यावर त्याने पान उलटलं आणि म्हणाला, "तो पंखा जरा कमी कर."

दुसऱ्या वेळी दोघं फिरायला गेले होते. धाकट्याने चालता चालता विषय काढला आणि शेवटी म्हणाला, "मग, भिंतीवर हे लिहायचं ना?" दादाने मान डोलावली. "बरं, बरं. पुढच्या महिन्यात बघू." मजकूर पंधरा दिवसांत द्यायचा होता.

तिसऱ्या वेळी रविवारी सगळे जेवायला जमले होते. पुतणीने काही गंमत सांगितली आणि टेबलाभोवती हशा पिकला. तेवढ्या गडबडीत धाकटा दादाकडे झुकला आणि म्हणाला, "दादा, पणजोबा बहिरे होते." दादा खदखदून हसला आणि त्याने धाकट्याच्या पाठीवर एक थाप मारली.

धाकटा पानावरून उठला नाही, एवढंच. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, की त्या घराची पायरी आता चढणार नाही. त्रेसष्ट वर्षं याने माझं एक अक्षर कानावर घेतलं नाही, आणि आज तोंडावर हसला. बायको म्हणाली, असेल काहीतरी. धाकटा म्हणाला, असेल काय, मी गाढव आहे हे आहे. त्या दिवसापासून नक्कल त्याच्या सदऱ्याच्या खिशात घडी घालून पडली होती.

आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला. सभागृहाच्या उद्घाटनाला काचेच्या पेटीतलं व्हायोलिन वाजवायचं ठरलं होतं. पेटी उघडली तर फळीची कड सुटलेली. "ते दुरुस्तीला घेऊन निघालेत, भावोजी. तुम्ही सोबत जा."

"का? त्याला रस्ता माहीत नाही?"

"त्यांना एकट्याने रस्ता ओलांडू देत नाही मी हल्ली."

"डोळे तर माझ्यापेक्षा बरे आहेत त्याचे."

वहिनी म्हणाल्या, "जा म्हटलं ना."

धाकटा गेला, पण रस्ताभर एक शब्द बोलला नाही. दादाच्या ते लक्षातही आलं नाही. तो एकटाच हल्लीच्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांबद्दल बोलत होता. याचा धाकट्याला आणखी राग आला.

बाईंनी व्हायोलिन गुडघ्यांवर घेतलं, पातळ सुरी सुटलेल्या कडेत सरकवली आणि हळूहळू सगळी फळी मोकळी केली. कडेवर चार खुणा होत्या, डावीकडचा मधला फिरलेला. बाईंनी ती धाकट्यापुढे धरली. धाकट्याने दादाकडे न बघता खिशातली नक्कल काढली आणि टेबलावर आपटली. घे, लेखी.

दादाने चष्मा लावला. नक्कल एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग फळीवरच्या खुणांवर बोट ठेवून त्याने बाईंना विचारलं, "म्हणजे ते दातांनी..."

"दातांनी," बाई म्हणाल्या. "थांबा, दाखवते." त्यांनी दुरुस्त होऊन तयार असलेलं एक व्हायोलिन मांडीवर उभं धरलं, मानेच्या टोकाचा गोल वळसा दादाच्या तोंडासमोर आणला आणि धरा दातांत, अशी खूण केली. हा प्रयोग बाईंनी आणि धाकट्याने आधी करून बघितला होता. धाकट्याला दाढांत जरा गुदगुल्या झाल्या होत्या, बस.

बाहत्तर वर्षांचा हेडमास्तर टेबलावर वाकला, त्याने व्हायोलिनचा शेंडा पुढच्या दातांत पकडला, आणि धाकट्याला हसू आवरेना. बाईंनी जाड तारेवरून गज एकदा पूर्ण ओढला.

दादाने डोळे मिटले. सूर संपला तरी तो तसाच वाकलेला राहिला. मग तोंड न काढताच त्याने बोटाने खूण केली, पुन्हा. बाईंनी पुन्हा गज ओढला. आणखी एकदा. मग दुसरी तार, मग तिसरी. बाईंचा हात थांबला की त्याचं बोट वर व्हायचं. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

शेवटी तो सरळ झाला. व्हायोलिनच्या पॉलिशवर चार दात उमटले होते. "ही शेवटची कोणती तार होती?" त्याने विचारलं. बाई तोंड फिरवून गज खुंटीला लावत होत्या, तशाच त्यांनी उत्तर दिलं. दादा वाट बघत राहिला. बाई वळल्या आणि त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने मान हलवली. त्याची नजर बाईंच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती.

धाकट्याने ते पाहिलं. चाळीस वर्षं त्याने माणसांच्या तोंडाकडे बघण्यात घालवली होती, आणि आपला भाऊ माणसांच्या तोंडाकडे कसा बघतो ते त्याला दिसलं नव्हतं. दिवाणखान्यात वर्तमानपत्र मध्ये होतं. रस्त्यात दोघं शेजारी शेजारी चालत होते. जेवताना त्याने तोंड कानाशी नेलं होतं. फोन, बैठकी, तोंडी कारभार, एकामागून एक सगळं त्याला आठवलं, आणि आपण आठ दिवस ज्याचा राग धरून बसलो तो माणूस इथे समोर उभा आहे याची त्याला फार लाज वाटली.

दादाने सदऱ्याच्या खिशातून आपल्या बारा ओळी काढल्या. टेबलावर कागद सपाट केला, पेन उघडलं आणि तिसरा मजला, बंद खिडक्या आणि घोडागाडी एका रेघेत खोडली. वर त्याच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, "त्यांना ऐकू येत नव्हतं. लाकूड दातांत धरून ते व्हायोलिन करत." लिहिलेलं त्याने वाचून बघितलं, आणि मग त्याचा चेहरा पुन्हा हेडमास्तरांचा झाला.

"मजकूर उद्या द्यायचाय," तो म्हणाला. "एवढी मोठी गोष्ट. हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

धाकट्याच्या जिभेवर तिन्ही दिवस आले. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. तो दादाच्या पाठीमागून निघाला, टेबलाला वळसा घालून समोर आला, खिडकीच्या उजेडात उभा राहिला आणि ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाला, "राहून गेलं, दादा."

"तुझं नेहमीचंच," दादा म्हणाला.